तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवाल्यांनी कॅन्सरची कॉन्फरन्स कशाला भरवायची?

गणपतीत भेटा नाहीतर लग्नात, इंदूरची आपली मंडळी मला हा प्रश्न हमखास विचारतात. "काय गं, तू कॉम्प्युटर शिकवतेस, मग कॅन्सरची कॉन्फरन्स कशी काय भरवतेस? आणि आजकाल सगळे पेपर ऑनलाइन मिळतात, मग एवढी माणसं गोळा करायची कशाला?" उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

बायोप्सीच्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन गुलाबी-जांभळा रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगतात, हे तुम्हाला माहीतच असेल. आता ती स्लाइड स्कॅन करता येते. एकेक इमेज जीबीच्या घरात जाते, अख्खी काही कॉम्प्युटरला झेपत नाही, मग तिचे हजारो छोटे चौकोन पाडायचे आणि ते दाखवून मॉडेलला, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, रोग ओळखायला शिकवायचं. शिवाय जीन्सचा डेटा आहेच. अमेरिकेत 2006 साली सुरू झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलसमध्ये 33 प्रकारच्या कॅन्सरचा डेटा आहे आणि त्यातला बराचसा कोणालाही फुकट मिळतो, त्यामुळे आमच्याकडचा एमटेकचा मुलगा हॉस्पिटलची पायरी न चढता कॅन्सरवर पेपर लिहू शकतो. ही फार मोठी सोय आहे, पण घोळही इथेच होतो.

आमच्याकडे येणाऱ्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे पेपरच्या सारांशात, 99 टक्के अ‍ॅक्युरसी अगदी सर्रास असते. खोदून विचारलं की कळतं, सगळे चौकोन एकत्र मिसळले आणि मग ट्रेनिंग-टेस्ट, म्हणजे शिकवायचे आणि परीक्षेचे, असे वाटले, म्हणजे एकाच पेशंटचे काही चौकोन इकडे नि काही तिकडे. सरावाचाच पेपर परीक्षेला आल्यासारखं झालं ना हे! मॉडेल रोग ओळखतंय की त्या लॅबचा रंग, कोण सांगणार? म्हणून आमचा नियम आहे, वाटणी पेशंटप्रमाणे केली की नाही हे ॲबस्ट्रॅक्टमध्येच लिहायचं, आणि प्रत्येक ॲबस्ट्रॅक्ट एक कॉम्प्युटरवाला आणि एक डॉक्टर असे दोघांनी वाचायचं.

कोणाला हा काटेकोरपणा जास्त वाटतो. त्यांना मी अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीचं प्रकरण सांगते. कोणत्या पेशंटला कोणती केमो लागू पडेल हे जीन्सवरून सांगता येतं असा पेपर तिथून 2006 मध्ये आला, त्यावर पेशंटवर ट्रायलसुद्धा सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्ज या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी तोच डेटा घेऊन गणित परत करून बघितलं, तर जीन्सची यादी एका ओळीने सरकलेली, काही ठिकाणी औषध लागू पडणारे आणि न पडणारे यांची लेबलं उलटी. 2010 मध्ये ट्रायल बंद झाल्या, 2011 मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. तोवर खरी माणसं त्यात भरती झाली होती हो! असले प्रश्न वेळेत विचारले जावेत एवढ्यासाठीच माणसं एका खोलीत आणायची.

मागच्या वेळचं सांगते. एका मुलीच्या पोस्टरवर हीटमॅप होता, मॉडेलला जिथे ट्यूमर वाटतो तिथे लाल. एक सीनियर पॅथॉलॉजिस्ट बाई आल्या, चष्मा वर करून अगदी जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "बेटा, हा ट्यूमर नाही, इथे टिश्यूची घडी पडली आहे." मग बाजूच्या दुसऱ्या लाल डागावर बोट ठेवलं, ती स्लाइडवर पेनाने केलेली खूण निघाली. दोघी तिथेच लॅपटॉप उघडून बसल्या, जेवणाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत. पेपर ऑनलाइन वाचून हे झालं नसतं.

हॉल, जेवण, पाहुण्यांना रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत नेणं, हे सगळं जमतं, इंदूरला त्याची काळजीच नाही. परदेशी पाहुण्याला कॉन्फरन्स व्हिसा लागतो, तेवढं आधीपासून बघावं लागतं. खरं अवघड काम म्हणजे डॉक्टर आणणं. त्यांची ओपीडी, ऑपरेशनचे दिवस, यातून वेळ कधी मिळणार? म्हणून मुख्य सेशन आम्ही रविवारीच ठेवतो, आणि प्रत्येक टॉकनंतर पहिला प्रश्न डॉक्टरांचा.

आणि इंदूरच का, तर मध्य प्रदेशात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्या आसपास सगळ्यांनीच पाहिलेत. त्या ॲटलसमधले बहुतेक पेशंट गोरे. त्यांच्यावर शिकलेलं मॉडेल आपल्या गाल-हिरडीच्या कॅन्सरवर तसंच चालेल असं धरून चालता येत नाही, इथल्या स्लाइडवर तपासावंच लागेल, आणि त्या इथल्याच हॉस्पिटलांच्या कपाटात आहेत, त्या पेशंटची नावं काढून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन मिळतील तेव्हाच काम पुढे सरकेल.

तर पुढच्या वेळी भेटलात की मला विचारा जरूर, पण तुमच्या ओळखीत कोणी पॅथॉलॉजिस्ट असतील, रिटायर झालेले असले तरी चालतील, तर त्यांना आमच्यासाठी ॲबस्ट्रॅक्ट वाचाल का असंही विचारून ठेवा.