आमची वाटचाल : यंत्रमागाच्या बुशपासून मॉडेल इंजिनाच्या लायनरपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते यंत्रमागाच्या जॉबवर्कवर. बुश, शाफ्ट, पिना. चादर-टॉवेलवाल्यांचा माग बंद पडला की त्यांना माल आत्ताच्या आत्ता लागतो, आणि मापातही हयगय चालत नाही. आमचे कारागीर तिथेच तयार झाले.

मॉडेल विमानांच्या डिझेल इंजिनांची ओळख करून दिली एनसीसीच्या एअर विंगमधल्या पोरांनी. “काका, नवंकोरं इंजिन आहे. थंड असताना चालू होतं, तापलं की मरतं.” दीड सीसीचं, स्वस्तातलं इंजिन होतं. याला प्लग नसतो. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण नुसत्या दाबाने पेटतं. म्हणजे पिस्टन लायनरमध्ये, तो ज्या नळीत वर-खाली होतो तिच्यात, कसा बसलाय, यावरच सगळं.

खोललं तर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, कोपऱ्यात धातूचा कीस तसाच पडलेला. पोर्टच्या, म्हणजे लायनरमधल्या वायू ये-जा करायच्या खिडक्यांच्या, कडांना धारदार कुसळं, आणि त्यांनी पिस्टनवर उभे ओरखडे पाडलेले. लायनर वरच्या टोकाला किंचित आवळ असावा लागतो. हा वरपासून खालपर्यंत सरळ, शिवाय जरासा अंडाकृती. थंडपणी जाड एरंडेल ती फट भरून काढतं. इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि दाब निसटतो. कॉन्ट्रा पिस्टन, म्हणजे लायनरच्या वरच्या टोकातला, स्क्रूने दाब कमी-जास्त करायचा दुसरा पिस्टन, तर इतका घट्ट, की स्क्रू सैल केला तरी जागचा हलेना.

आराखड्यात खोट नव्हती. 1946 च्या ब्रिटिश मिल्स 1.3 या इंजिनापासून ही पद्धत सिद्ध झालेली आहे. पैसा वाचवला जातो तो लॅपिंगमध्ये, म्हणजे बारीक पावडरीने घासून अचूक मापात आणण्यात. ते हाताचं, वेळखाऊ काम, मायक्रॉनमधलं. आणि नेमकं तेच सोडलं की पोराच्या हाती फक्त बोटाने फिरवायचा पंखा येतो. याची मला मनापासून चीड येते, कारण ते पोरगं इंजिनाला नाही, स्वतःला दोष देतं.

तेव्हापासून बिडाचे नवे पिस्टन टर्न करणं, लायनर लॅप करणं, पोर्टच्या कडा मारणं हे काम आम्ही मागांच्या कामाबरोबरच घेऊ लागलो. पुढे पुण्या-मुंबईहूनही पार्सलं यायला लागली. प्रत्येक इंजिन बेंचवर चालवून, तापलेलं असताना पुन्हा चालू करून मगच पाठवतो. एप्रिल-मेमध्ये ही चाचणी भल्या पहाटे उरकावी लागते, ईथर 34.6 अंशालाच उकळतं आणि आपलं सोलापूर 42 च्या पुढे.

मजुरी इंजिनाच्या किमतीवर जाणार असेल तर काम हातात घेण्याआधी फोन करतो. पाठवताना इंजिनातलं इंधन पूर्ण काढा, आणि कॉन्ट्रा पिस्टन घरी ठोकून काढू नका. तो आम्हाला आहे तसाच बघायचा असतो.