डाव्या हातचा मळ

एखादे काम अगदीच सोपे असले की आपण त्याला ‘डाव्या हातचा मळ’ म्हणून मोकळे होतो. हा वाक्प्रचार रूढ करणाऱ्याने चरखा बहुधा चालवलेला नसावा. बडोद्यातल्या दांडिया बाजारातील आमच्या घरी आजोबांचा पेटी चरखा वर्षानुवर्षे माळ्यावर पडून होता. गेल्या पावसाळ्यात तो खाली काढला, चाके फिरवणारी दोरी, म्हणजे माळ, नवी चढवली आणि पहिल्याच संध्याकाळी कळून चुकले, की उजव्या हाताने चाक फिरवणे हा पोरखेळ आहे, कसोटी लागते ती डाव्याचीच.

त्या हाताच्या चिमटीत पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी असते. मोठे चाक लहान चाकाला फिरवते, लहान चाक चातीला, म्हणजे सूत कातणाऱ्या टोकदार सळईला, आणि चातीच्या टोकावरून दर फेऱ्याला निसटणाऱ्या सुताला पीळ बसत जातो. हात मागे नेताना चिमूट आवळली तर सूत तुटते. सैल पडली तर पीळ थेट पेळूत शिरतो आणि सुताऐवजी सुतळी हाती येते. पीळ आधी बारीक जागेकडे धावतो, जाड जागा मऊच राहते. म्हणून तिथे घाबरून न थांबता हात आणखी थोडा मागे न्यावा, म्हणजे ती आपसूक लांबते. (एवढे उमगायला मला तीन आठवडे लागले.) तुटलेच तर गाठ मारायची नसते: टोक पेळूच्या तंतूंवर नुसते टेकवायचे, पीळ त्यांना सांधून घेतो.

शेजारच्या गुजराती बा पेळूला पूणी म्हणतात आणि चरख्याला रेंटियो. गंगाबेन मजमुदारांनी गांधीजींसाठी रेंटियो शोधून काढला तो बडोदे संस्थानातल्या विजापुरात, आणि तिथेही तो कित्येक घरांच्या माळ्यावर अडगळ होऊनच पडला होता, हे कळल्यापासून आजोबांच्या चरख्यावरच्या धुळीची मला तितकीशी लाज वाटत नाही.

सुताचा बारीकपणा नंबरात मोजतात. वीस नंबरी सूत म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या २० लडी, अर्थात १६,८०० वार. माझ्या सुताला मात्र एक नंबर लावणे कठीण, कारण त्याच्या एकाच वारात दोन-तीन नंबर सुखाने नांदतात.

भाद्रपद वद्य द्वादशीला, म्हणजे गांधीजींच्या तिथीने येणाऱ्या जन्मदिवशी, रेंटिया बारशीला बा माझ्याशेजारी कातायला बसल्या. त्यांच्या तोंडाची टकळी तासभर अखंड चालू होती आणि सूत एकदाही तुटले नाही. मध्येच त्यांनी विचारले, “जमतंय ना?” मी “हो” म्हटले, आणि माझे तुटले.