शेंडा खुडताना

दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीत गेले, तर तुळशीला मंजिऱ्या! कधी आल्या, पत्ताच नाही. कपडे कठड्यावर टाकले आणि नखानेच खुडायला बसले. झाड एकदा फुलावर आलं की पानं बारीक होत जातात, देठ निबर होतो आणि वासातला जोर ओसरतो. एरवी खुडणी सकाळची, दंव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आत. मंजिऱ्यांना मात्र मुहूर्त नाही.

कुठून खुडायचं हे हाताला आजीने शिकवलं. पानं ओरबाडलेली तिला खपत नसत. माझं बोट धरून ती देठावरून खाली आणायची आणि पेर लागलं की थांबायची. ‘याच्या वर खुड. खालची पानं राहू देत.’ पानाच्या बगलेत बारीकसा कोंब दबून बसलेला असायचा, समोरच्या पानाच्या बगलेतही तसाच. शेंडा गेला की दोन्ही सुटायचे. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खालच्या कोंबांना वाढू देत नाही, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीचं म्हणणं एवढंच, थोरला हलला की धाकट्यांना वाव मिळतो.

पुदिन्याला हे लाड लागत नाहीत. त्याला वेगळ्या कुंडीत डांबलं नाही, तर जमिनीलगत धुमारे सोडून तो शेजाऱ्यांच्या जागेत शिरतो. गवती चहा हाताने ओढू नये, पात बोट चिरते. जमिनीपासून चार बोटं सोडून कात्रीने कापावा.

पण माझा खरा वेळ जातो तो पानं चुरडून हुंगण्यात. पानाच्या अंगावर तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात, त्या चुरडल्यावर फुटतात. झाडाने ही तयारी केलेली असते खाणाऱ्या किडींसाठी. आपण उगाच मधे नाक खुपसतो.

बाग बघायला येणाऱ्यांना वासाचं काही नसतं. त्यांचा प्रश्न एकच, ‘हे कशावर चालतं?’ प्रत्येक रोपाला एकेक दुखणं नेमून दिलेलं असलंच पाहिजे! कोरफडीचं पान कापल्यावर उभं ठेवा, पिवळा चीक पुरता निथळू द्या, तो पोटात गेला तर जुलाब होतात, असं मी सांगेपर्यंत माणूस पान घेऊन जिना उतरलेला असतो.

अडुळशाच्या बाबतीत मात्र मी हटून बसते. पानं मागायला कुणी आलं की आधी विचारते, खोकला किती दिवसांचा? दोन आठवड्यांच्या वर असेल तर पान मिळत नाही. आधी बेडका तपासून घ्या, क्षय नाही ना बघा म्हणते. लोक रागावतात. रागावू देत.