काचेचा अपवर्तनांक ०.९९

बारावीच्या प्रॅक्टिकलला त्या दिवशी प्रिझमचा प्रयोग लावला होता. जुलैमधला गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा पाऊस, त्यामुळे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अर्ध्या बाकांवर शाळेचे टॅब, बाकीच्यांकडे आपापले कॅल्क्युलेटर, बहुतेक कॅसिओचे एफएक्स-८२एमएस. टाचण्या लावून, आपाती कोन ३५ ते ६० अंशांपर्यंत पाच-पाचने वाढवत पोरांनी वाचनं नीट घेतली. किमान विचलन, म्हणजे किरण कमीत कमी जितका वळतो तो कोन, आलं ३८ अंश, प्रिझमचा कोन ६०. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश काचेत हवेपेक्षा किती पट हळू जातो तो आकडा, काढायला या दोन्हींच्या बेरजेच्या निम्म्याचा साईन भागिले प्रिझमच्या कोनाच्या निम्म्याचा साईन. म्हणजे साईन ४९ भागिले साईन ३०, उत्तर १.५१.

एका टॅबवर आलं ०.९९, शेजारच्यावर ०.९७. एकाखाली अपवर्तनांक म्हणजे या काचेत प्रकाश हवेपेक्षा जोरात पळणार!

०.९७ चं कारण लगेच कळलं: टॅबवरचं कॅल्क्युलेटरचं अ‍ॅप अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर होतं. ०.९९ ची गंमत वेगळी. अ‍ॅपमध्ये साईन दाबलं की कंस आपोआप उघडतो, तो बंद आपणच करायचा. पोराने ८२एमएसच्या सवयीने थेट साईन ४९ भागिले साईन ३० दाबलं. अ‍ॅपने आधी ४९ ला ०.५ ने भागलं आणि ९८ अंशांचा साईन काढून दिला. ८२एमएसवर हेच कंसाशिवाय बरोबर येतं.

पण खरी धास्ती एका कॅल्क्युलेटरने दिली. त्यावर १.५३ आलं. काचेला शोभणारं उत्तर, तपासणारा टिक करून मोकळा होईल. पडद्यावर वरच्या कडेला बारीक ‘जी’ दिसत होता: ग्रेडियन, म्हणजे काटकोनाचे शंभर भाग करणारं एकक. मोड दोनदा दाबून १ ऐवजी ३ दाबला गेलेला. टॅबवरच्या आमच्या अ‍ॅपात ग्रेडियन नाहीच, तेवढी एक चूक टळते.

तेव्हापासून वाचनांआधी दोन चाचण्या. साईन ३० बरोबर ०.५ यायला हवा. रेडियनवर उणे ०.९८८ येतो, ग्रेडियनवर ०.४५४. मग साईन ३० भागिले साईन ३०: उत्तर १ नसून ०.८६६ आलं, तर कंस राहिला. दोन्ही कराव्या लागतात, कारण दुसरी चाचणी मोडची चूक पकडत नाही.

आपाती कोन आणि विचलनाच्या आलेखात मात्र टॅबने बाजी मारली. कागदावर निम्म्या पोरांनी बिंदू पट्टीने जोडून टोकदार ‘व्ही’ काढला होता. टॅबवर जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू टाकून गुळगुळीत वक्र बसवला की तळ ४९ च्या जवळ दिसतो. म्हणून टॅबने आलेखाच्या कागदाची जागा घ्यावी, कॅल्क्युलेटरची नको. परीक्षेच्या हॉलमध्ये टॅब नेताच येत नाही, आणि पावसात भिजलेल्या बोटांनी पडदा भलतंच बटण धरतो. आता दर बाकावर एकच टॅब, तोही आलेखापुरता. मे महिन्याच्या सुट्टीत तो निम्मा चार्ज करून बंद ठेवायचा. पूर्ण उतरवून कपाटात टाकला तर जूनमध्ये चालू होईलच असं नाही.