खड्डा-उडी : आठवडा चौथा

धाकट्या भावाला गेम बनवता बनवता पायथन (प्रोग्रामिंगची एक भाषा) शिकवतेय. गेल्या रविवारपर्यंत गेममधला चौकोन नुसता डावी-उजवीकडे सरकत होता. आता तो उडी मारतो. धाकट्याने (सातवी) त्याचं नाव बंड्या ठेवलंय. गेमची कल्पनाही त्याचीच: भांडुप स्टेशन ते घर, वाटेत खड्डे, पडलास की एक जीव गेला. बंड्या म्हणजे लाल आयत, खड्डे म्हणजे काळे. चित्रं नंतर बघू.

सुरुवात मीच चुकवली होती. ‘प्लेअर’, ‘व्हेलॉसिटी’ अशी नावं देऊन शिकवत होते आणि हा पठ्ठ्या न वाचता टाइप करत होता. मग आठवलं, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला (प्रोग्राममध्ये किंमत साठवायच्या खणाला) देवनागरी नाव चालतं. वेग, जीव, जमिनीवर. त्या दिवसापासून तो स्वतःच्या ओळी वाचायला लागला. एकदा कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि त्याने वेगाला उणे १५ देवनागरीत लिहिले. लगेच एरर! नाव चालतं, आकडा चालत नाही. “हा पंक्तिप्रपंच आहे, ताई.” (शब्द आजीचा.)

पायगेममध्ये (पायथनमधलं गेम बनवायचं साधन) वाय, म्हणजे पडद्यावरची उभी जागा, खाली वाढतो, म्हणून वर जायला वेग उणे. शाळेतल्या आलेखाच्या बरोबर उलट. यावर तो अडून बसला. वही पुढे केली: पहिली ओळ वर, दहावी खाली. मग पटलं.

खरी मजा उडीत आली. दर फ्रेमला (पडद्यावर चित्र नव्याने काढलं जातं तेव्हा) वाय मध्ये वेग मिळवायचा, मग वेगात १ मिळवायचा. बंड्या किती उंच जातो हे त्याने कागदावर काढलं: १५ + १४ + … + १ = १२०. जमिनीवर परत यायला एकूण ३१ फ्रेम, सेकंदाला ६० धरल्या तर जेमतेम अर्धा सेकंद. खड्डे फ्रेमला ६ पिक्सेल सरकतात, म्हणजे उडीभरात १८६. आणि याने खड्डा ठेवला होता २०० रुंदीचा.

“हा कोण पार करणार?”

“आपल्या गल्लीत पावसाळ्यात असाच असतो.”

शेवटी १०० वर तडजोड झाली. बंड्याची स्वतःची रुंदीही मोजावी लागते, हे त्याला दोनदा पडल्यावर कळलं.

हवेत असताना पुन्हा स्पेस दाबली की बंड्या आणखी वर जायचा. ‘जमिनीवर’ खरं असेल तरच उडी, अशी अट घालायला लावली. धाकटा दिवसभर फुरंगटून होता, त्याला उडणारा बंड्याच आवडला होता.

अजून एक दुखणं बाकी आहे. खड्ड्याला टेकलं की जीव एकने कमी होतो, पण हे प्रत्येक फ्रेमला तपासलं जातं. तीन जीव तीन फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात साफ. कारण सांगितलेलं नाही. जीवचा आकडा दर फ्रेमला प्रिंट कर, एवढंच म्हटलंय. आत्ता स्वयंपाकघरातून ओरडला, “ताई, हा एकाच खड्ड्यात तीनदा पडतोय!”