ग्रफालोला मराठी यमकात बसवताना : तिसरी नोंद

मागच्या नोंदीनंतरच्या दीड महिन्यात हातात एकच पुस्तक राहिले, ते म्हणजे ज्युलिया डोनाल्डसन यांनी लिहिलेले आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांनी चितारलेले, 1999 साली प्रसिद्ध झालेले ‘द ग्रफालो’ हे यमकबद्ध चित्रपुस्तक. त्यात जंगलात फिरायला निघालेला उंदीर कोल्हा, घुबड आणि साप यांना घाबरवण्यासाठी ग्रफालो नावाचा राक्षस रचून सांगतो, आणि शेवटी तो राक्षस खरोखरच समोर येतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि आम्ही इंग्लंडमध्ये राहत असल्यामुळे या पुस्तकाच्या इंग्रजी ओळी तिला नर्सरीतच पाठ झाल्या. मराठी यमक मात्र तिला घराबाहेर कुठेच भेटणार नाही, म्हणून मी प्रत्येक पानावरच्या ओळींचे मराठी रूप पेन्सिलीने स्टिकी नोटवर लिहून ती त्या पानावर चिकटवतो आणि रात्री तेच वाचतो. मूळ मजकुराचे हक्क लेखिकेचे आहेत, त्यामुळे पूर्ण ओळी येथे देत नाही. अडलेल्या आणि सुटलेल्या शब्दांपुरतेच लिहितो.

पहिली अडचण चालीची होती. मूळ ओळीत चार ठोके आहेत आणि त्यांच्यामधून ती झोके घेत पुढे जाते. मी सवयीने आठ-आठ मात्रांचे पादाकुलक हे वृत्त धरले होते. ते मोजून बिनचूक उतरले, पण वाचताना उंदीर जंगलात फिरायला निघाला आहे असे न वाटता शाळेच्या प्रार्थनेला रांगेत उभा आहे असे वाटू लागले. सहा-सहा मात्रांचे तुकडे करून दादरा तालाच्या अंगाने म्हणून पाहिल्यावर तो चालू लागला. तेवढ्यासाठी अकरा पानांवरच्या चिठ्ठ्या फाडून पुन्हा लिहाव्या लागल्या.

खरा प्रश्न नावाचा होता. या गोष्टीचे मूळ एका चिनी कथेत आहे, जिच्यात कोल्हा वाघाच्या दराऱ्याचा आपल्यासाठी उपयोग करून घेतो. डोनाल्डसन यांनाही आधी वाघच घ्यायचा होता, परंतु ‘टायगर’ला यमक जुळेना, म्हणून ‘ओ’ने संपणारे एक नाव त्यांनी रचले आणि त्या नावामागून प्राणी आला. म्हणजे हा राक्षस मुळात यमकाच्या गरजेतून जन्मलेला आहे. मग मराठीत त्याला वेगळे नाव देण्याची मुभा घ्यावी की काय, या विचारात माझा एक आठवडा गेला. ‘गुरगुल्या’ आणि ‘भुंगासुर’ ही नावे ठेवून पाहिली, पण चित्रातली नारिंगी डोळ्यांची आणि काळ्या जिभेची ती स्वारी त्या नावांना ओ देईना.

उत्तर भांडी घासताना सापडले. पळालो, निघालो, म्हणालो, भ्यालो: प्रथमपुरुषी भूतकाळाची ही सारी रूपे ‘ग्रफालो’शी आयती जुळतात. इंग्रजीत निवेदक सांगतो त्या गोष्टी साप आणि कोल्हा यांच्याच तोंडी घातल्या की यमक शोधावे लागत नाही. क्रियापदाचे यमक स्वस्त असते, हा आक्षेप मला मान्य आहे. आला-गेला-केला अशी रांग लावणारी बालगीते मलाही सोसत नाहीत. येथे मात्र पळणारा प्राणी धापा टाकत स्वतःच ‘पळालो’ म्हणतो, तेव्हा ते स्वस्त वाटत नाही.

पहिल्या रात्री ते उत्तम जमले. दुसऱ्या रात्री यमकाचा शब्द मुलीने भरावा म्हणून मी नेहमीप्रमाणे त्याच्या आधी थांबलो, तर तिने ठामपणे ‘पळाले’ असे म्हटले. ती स्वतःविषयी ‘मी पळाले’ असेच बोलते, त्यामुळे तिच्या दृष्टीने चूक माझी होती. यमक तुटल्याचे तिच्याही कानाला जाणवले असावे, कारण क्षणभर चित्राकडे पाहून तिने पुढची ओळ दुरुस्त केली आणि त्या राक्षसाला ‘ग्रफाले’ करून टाकले. मी पुरुष असल्यामुळे ‘लो’ हा प्रत्यय मला सर्वांचाच वाटला होता, हे त्या वेळी लक्षात आले. आता दोन रंगांच्या चिठ्ठ्या आहेत: माझ्या पाळीसाठी पिवळ्या आणि तिच्या पाळीसाठी गुलाबी.

पदार्थांचे काम त्या मानाने चटकन झाले. उंदीर प्रत्येक शिकाऱ्याला घाबरवण्यासाठी ग्रफालोच्या आवडीचा एकेक पदार्थ सांगतो. तेथे शब्दशः न जाता अनुप्रास राखून कोल्ह्याची कोशिंबीर, घुबडाचे घावन आणि सापाचे सांडगे असा बेत ठरवला. शेवटी खुद्द ग्रफालोला पळवून लावणाऱ्या पदार्थासाठी ‘गरगट’ घेतले आहे. घावन तिला आजीमुळे ठाऊक आहे, सांडगे ठाऊक नव्हते, म्हणून व्हिडिओ कॉलवर आजीने डबा उघडून दाखवला. त्यानंतर ‘त्यात साप आहे का?’ या प्रश्नावर बरीच चर्चा झाली.

घुबडाचे पान अजून अडलेले आहे. साप आणि कोल्हा पुल्लिंगी असल्याने माझ्या पिवळ्या चिठ्ठीवर ते सुखाने ‘पळालो’ म्हणतात, पण ‘ते घुबड’ स्वतःविषयी काय म्हणेल? ‘पळालो’ लिहिले की कानाला खटकते आणि ‘पळाले’ लिहिले की ग्रफालो हातचा जातो. मुलीच्या मते घुबड मुलगी आहे, त्यामुळे तिची गुलाबी चिठ्ठी केव्हाच भरली. माझी पिवळी त्या पानावर अजून कोरीच चिकटलेली आहे.