१९६७ मस्टँग, नोंद सातवी: डिकीचा तळ

डिकीचे दोन्ही पत्रे बसले. परवा रात्री साडेदहाला उजव्या बाजूचा वेल्डिंगचा शेवटचा टाका मारला आणि काल सकाळी चहाच्या आधी गॅरेजात जाऊन पुन्हा हात फिरवून बघितला. सहा आठवडे लागले. त्यातलं प्रत्यक्ष वेल्डिंग जेमतेम दीड दिवसाचं. बाकीचा वेळ मापं घेण्यात, तोच पत्रा वीस वेळा बसवून काढण्यात आणि पाणी कुठून येतंय ते शोधण्यात गेला. हेच काम ज्यांच्या पुढ्यात आहे त्यांच्यासाठी जरा तपशिलात लिहितो.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी गाडीची ओळख. दारावरच्या पाटीवर नंबर ७एफ०१एस असा सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, एफ म्हणजे मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा फोर्डचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप (पक्क्या छताची गाडी) आणि एस म्हणजे ३९० घन इंचांचं, चार बॅरल कार्बोरेटरचं इंजिन. कंपनीच्या कागदावर ३२० अश्वशक्ती. १९६७ हे मस्टँगमध्ये एवढं मोठं इंजिन मावायला लागल्याचं पहिलं वर्ष. गाडी जन्मली तिथून माझं गॅरेज अर्ध्या तासावर आहे, म्हणजे तिचं सगळं आयुष्य मिशिगनच्या मिठात गेलं. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला इथल्या रस्त्यांवर मीठ ओततात. पण डिकी कुजली त्याला फक्त मीठ कारण नव्हतं. ते पुढे येईलच.

या वर्षांच्या मस्टँगची एक खास गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखाली पट्ट्यांनी टांगलेली असते. १९६४ ते १९७० च्या मस्टँगमध्ये तळाला मधोमध मोठं चौकोनी भगदाडच ठेवलेलं आहे. टाकी वरून त्यात सोडायची, भोवतीच्या कडेला स्क्रू मारायचे, आणि टाकीची पाठ हाच डिकीचा मधला तळ. तुम्ही डिकीत बॅग ठेवता ती टाकीवरच. त्यामुळे ‘तळ बदलणं’ म्हणजे टाकीच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोन पत्रे बदलणं. आणि म्हणूनच टाकी बाहेर काढल्याशिवाय इथे ठिणगी पाडायची नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. मी पेट्रोल उपसलं, टाकी काढली, नेताना तोंडं बंद केली आणि ती अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. टाकी गॅरेजाच्या कोपऱ्यात ठेवून कुणीही वेल्डिंग करू नका, ही हात जोडून विनंती.

पत्रे मागवले त्याच दिवशी काकांना व्हिडिओ कॉल केला होता. काकांनी कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षं डेंटिंगचं काम केलं. मी मोठ्या उत्साहाने गंज दाखवत होतो. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “पत्र्याचं मागनं बघू. आधी पाणी कुठनं येतंय ते सांग मला.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग पुढचे दोन शनिवार फक्त पाणी. मागच्या सीटची पाठ आणि तिच्यामागचा पुठ्ठा काढला की डिकी आतून मोकळी होते. तिथे लेक टॉर्च घेऊन बसली आणि मी बाहेरून होजने पाणी सोडत राहिलो, खालून वर, एका वेळी एकच सांधा, प्रत्येकाला पाच मिनिटं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. डिकीचं रबर कोरडं निघालं. इतकी वर्षं मी त्यालाच दोष देत होतो. मग आतून आवाज आला, “बाबा, थेंब आला! काचेकडून!” मागच्या काचेच्या रबराचा उजवा खालचा कोपरा. पाणी तिथून चाकाच्या कमानीवर उतरत होतं आणि कमानीवरून ओघळत तळाच्या सगळ्यात खोलगट जागी साठत होतं. दुसरी गळती मागच्या उजव्या दिव्याच्या गॅस्केटमधून. ६७ ला प्रत्येक बाजूला तीन वेगवेगळे दिवे आहेत, म्हणजे सहा गॅस्केटं. सगळीच बदलली.

कापायला घेतलं तेव्हा जुनी मलमपट्टी बाहेर आली. कधीतरी कुणीतरी कुजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा रिव्हेट करून वरून डांबर फासलं होतं. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत ओल कोंडून राहिली आणि गंज दोन्हीकडे पसरला. ते उपटलं तेव्हा हातात पत्रा कमी आणि तपकिरी भुगा जास्त आला.

कापण्याआधी गाडी मागच्या ॲक्सलवर टेकवली, म्हणजे बॉडीवर वजन चालत्या गाडीसारखंच राहतं. डिकीचे दोन्ही कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहिले, दारांच्या फटीही लिहिल्या. एका वेळी एकच बाजू उघडली. मधला तळ मुळातच नाही. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर मागचा भाग ताठ ठेवायला फारसं काही उरत नाही.

स्पॉट वेल्ड (कारखान्यात दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे टाके) काढणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम, आणि मला सगळ्यात आवडलेलं. वरचा पत्रा कापायचा, खालच्या चॅसीच्या दांड्याला धक्का लावायचा नाही. कटर चालू असताना नजर किसावर ठेवायची. आधी चकचकीत कीस येतो, आणि दोन पत्र्यांमधल्या फटीला पोचलं की तांबूस धूळ उडते. तिथेच थांबायचं. मग पातळ छिन्नी सरकवून हलका ठोका, की ‘टक्’ आवाज होऊन टाका सुटतो. डाव्या बाजूला हात बसेपर्यंत दांड्याला चार भोकं पडली, ती नंतर भरली. उजवीकडे एकही नाही.

उजव्या दांड्याची वरची कड मागच्या वीतभर जागेत कागदासारखी झाली होती. नवा तळ तिच्यावर बसवला असता तर हेच सगळं काही वर्षांनी पुन्हा. तेवढा भाग कापून तितक्याच जाडीचा तुकडा वाकवून बसवला. पूर्ण एक रविवार गेला.

आता या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. विकत मिळणारे पत्रे कधीच तंतोतंत बसत नाहीत. मी उजवा पत्रा चाकाच्या कमानीला आणि मागच्या पॅनलला जुळवला. सगळीकडे छान टेकला, क्लॅम्प लावले, मन सुखावलं. सहज म्हणून जुनी, बाहेर महिनाभर हवेत उघडी ठेवलेली आणि साबण-पाण्याने तीनदा धुतलेली टाकी आणून भगदाडात सोडून बघितली. उतरलीच नाही! नव्या पत्र्याची कड सहा मिलिमीटर आत आली होती. वेल्ड करून मोकळा झालो असतो तर ते रंगकामानंतर कळलं असतं. तेव्हापासून टाकीलाच साचा केलं. टाकी भगदाडात, तिची कड चारही बाजूंना सपाट, आणि पेट्रोल भरायची नळी मागच्या पॅनलच्या मधोमध असलेल्या भोकातून सरळ बाहेर. हे तिन्ही एकाच वेळी जुळलं तरच पत्रा जागेवर आहे असं मानायचं. नुसती कड जुळवून भागत नाही. नळी तिरकी आली तर तिचा रबरी जोड ताणला जातो आणि तो जोड डिकीतच आहे. पत्रा घासला, पुन्हा बसवला, पुन्हा टाकी सोडली. असं अकरा वेळा. मग स्क्रूच्या भोकांच्या खुणा केल्या, टाकी पुन्हा अंगणाच्या टोकाला गेली आणि तेव्हाच मशीन चालू केलं.

वेल्डिंगबद्दल थोडक्यात: मिग (तार आपोआप पुढे सरकून वितळते ते वेल्डिंग), ०.६ मिलिमीटरची तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दांड्यांवर बसणाऱ्या कडेला ८ मिलिमीटरची भोकं पाडून ती भरली. जिथे दोन पत्रे एकमेकांवर टेकतात तिथे आधी झिंकचा प्रायमर. त्याचा धूर वाईट, मास्क हवाच. टाके कधीही ओळीने मारले नाहीत: एक इथे, पुढचा हातभर लांब, पत्रा हाताला गार लागला की तिसरा. घाई केली की पत्र्याला पोक येतं आणि ते ठोकून काढण्यात वेल्डिंगच्या दुप्पट वेळ जातो. दिव्यांच्या वायरी आधीच काढून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी काम संपल्यावर कुठे आग धुमसत नाही ना हे बघत अर्धा तास तिथेच बसून राहिलो.

कर्ण पुन्हा मोजले. भिंतीवरच्या आकड्यापेक्षा एक मिलिमीटरचा फरक. काकांना फोटो पाठवला. त्यांनी सांध्याचा फोटो मोठा करून बघितला असणार, कारण उत्तर आलं, “खालनंबी सीलर मार.” मारला. वरून-खालून इपॉक्सीचा लेप, सांध्यांना पाणी अडवणारा सीलर, आणि दांड्यांच्या पोकळीत लांब नळीने मेण.

काल तळावर टाल्कम पावडर भुरभुरवून तासभर पाणी मारलं. थेंब पडला असता तर पांढऱ्यावर लगेच वाट दिसली असती. उजवी बाजू पूर्ण कोरडी. डाव्या बाजूला, क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याच्या) टोकाशी जो ओतीव तुकडा बोल्टने बसतो, त्याच्याखालून एक बारीक ओघळ दिसला. तो तुकडा अजून काढलेला नाही. त्याचे बोल्ट गंजलेत आणि ओतीव धातू ठिसूळ आहे, म्हणून आज संध्याकाळी त्यांना भेदक तेल लावून ठेवतोय. टाकी तोवर अंगणातच.